शेजारणीची साक्ष

फणीचे दोन दात पडलेले होते आणि त्या फटीत एक केस अडकला होता — लांबच लांब, मुळाशी पांढरा, टोकाकडे अजून काळा — आणि तूबा न्हाणीघरात बेसिनपाशी उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली. साबणाच्या वडीशेजारी ही लाकडी फणी गेले नऊ दिवस होती. रोज सकाळी तूबा ती उचलून खिडकीत ठेवी आणि रोज गुलचीन ती परत साबणाशेजारी आणून ठेवी. एवढी वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढली, एका नळावर चाळीस बायका, आणि तरी बाईला वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त नाही... तिने केस चिमटीत धरून ओढला. तो संपेना. बोटाला एक वेढा, दोन वेढे, तीन — तिला एकाएकी शिसारी आली आणि तिने तो नळाखाली सोडला, तर तो मोरीच्या जाळीत अडकून पाण्याबरोबर हलत राहिला.

तिच्या स्वतःच्या डोक्यावर असले केस नव्हते. मानेपर्यंत कापलेले, तपकिरी रंगवलेले, दर महिन्याला बगदादच्या करादा पेठेतल्या पार्लरमध्ये नीट करून घेतलेले केस होते. ते कुठल्याही फणीत अडकत नसत.

गुलचीनच्या डोक्यावर वेणी अजून का आहे, हे तिने नऊ दिवसांत विचारलं नव्हतं. विचारायचं काय? तूबाच्या माणसांत — म्हणजे गुलचीनच्या माणसांत, फैली कुर्दांत — घरातला तरणा मुलगा गेला की बहीण वेणी कापते. प्रेत असेल तर वेणी कबरीवर ठेवायची, नसेल तर त्याच्या सदऱ्यावर. वेणी शाबूत आहे याचा अर्थ भाऊ जिवंत आहे, निदान तसं धरून चाललंय. म्हणजे ही बया सव्वीस वर्षं, बाकीच्यांना हाकलताना सरकारने कोठडीत ठेवून घेतलेल्या हिश्मतची वाट पाहत होती. रोज विंचरून, तेल लावून, तीन पेड गुंफून वाट पाहत होती, आणि तूबाला तेवीस वर्षांपासून ठाऊक होतं की वाट पाहण्यासारखं काहीही शिल्लक नाही.

आणि हे तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

बाहेर जेवणाच्या मेजावर साद आणि गुलचीन यांचं जमलेलं दिसत होतं. म्हशीच्या दुधाची साय, खजुराचा पाक, गरम समून पाव — सादने सगळं तिच्यापुढे सरकवलं होतं. सादला म्हाताऱ्या बायका आवडत. आपल्या आईची जुन्या गल्लीतली शेजारीण, सरकारने हाकलून दिलेली बिचारी, एवढंच त्याला माहीत होतं. गुलचीन आली त्या दिवशी दारातच तूबाने तिच्या कानात सांगितलं होतं, "मुलासमोर शेजारीण. लग्न ठरतंय त्याचं. मुलीकडचे टोळीबिळीचं फार बघतात." गुलचीन हसली होती. "बरं ताई," म्हणाली होती, "शेजारीण तर शेजारीण. जेवायला तरी घालशील ना?"

ते हसणं तूबाला अजून पचलं नव्हतं.

"पण खाला, तुम्ही नक्की कोण?" साद विचारत होता. "युम्मा म्हणते कुर्द. तुमचं अरबी ऐकलं तर वाटतं तेहरानच्या बसमधून आत्ता उतरलात."

"मला काय विचारतोस बाळा? ज्याला त्याला विचार." गुलचीनने पावावर साय थापली. "इथून हाकललं तेव्हा म्हणाले, अजमी, इराणी तुम्ही, चालते व्हा आपल्या देशात. सरहद्द ओलांडली तर तिकडचा शिपाई कपाळावर हात मारून घेतो — आले हे अरब, आता ह्यांना पोसा. पुढं एकदा सुलेमानीयाला गेले. म्हटलं, आपली माणसं, आपला मुलूख. तर तिथला भाजीवाला माझं कुर्दी ऐकून बायकोला हाक मारतो, अगं बाहेर ये, इराणातली लुरी बाई आलीय, बोलते कशी बघ!"

साद खो खो हसला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, वांगी कशी दिली."

तूबालाही हसू आलं आणि ते तिने चहाच्या पेल्याआड लपवलं. असंच बोलायची ही, सोळाव्या वर्षीही. हिश्मत आणि ही, दोघं मिळून बाबांची नक्कल करत... बाबांचा एक नेम होता. दार सदा आतून लावलेलं, आणि कुणी थाप मारली की बाबा बसल्या जागेवरून विचारत, "कोण?" घरच्या माणसाने नाव सांगायचं नाही. 'मी' म्हणायचं. आवाज ओळखू येतो तो घरचा, नाव सांगावं लागतं तो बाहेरचा. हिश्मत मुद्दाम गंभीर आवाज काढून बाहेरून ओरडे, "हिश्मत करीम मलिकशाही, वय वर्षं अकरा!" आणि बाबा आतून म्हणत, "असल्या माणसाला आम्ही ओळखत नाही, पुढच्या घरी जा."

"युम्मा, तुझी ही शेजारीण भारी आहे," साद म्हणाला. "आमच्या शाळेत एक फैली पोरगा होता, आम्ही त्याला इतकं रडवायचो..."

हो, ते तूबाला आठवत होतं. आठ वर्षांचा साद दप्तर फेकून घरभर नाचत होता, अजमी अजमी, घरी जा, तुझ्या बापाचा देश कुठाय — आणि नवरा तिच्याकडे बघत होता, ती काय करते ते. ती हसली होती. नुसती हसली नाही, मुलाच्या गालाचा मुका घेतला होता. नवऱ्याने समाधानाने वर्तमानपत्र उघडलं होतं. फाज़िल वाईट माणूस नव्हता. त्याने तिला वाचवलं होतं. रेल्वेच्या गोदामातल्या ओळखीपाळखी लावून कागदांवर तिच्या नावापुढे कूत गावच्या एका अरब करीमचं घराणं चिकटवून आणलं होतं. सादचा जन्म झाल्यावर तर नावाचाही प्रश्न मिटला. उम्म साद — सादची आई. त्या नावामागे कोण आहे हे बघायला कुणी येत नाही.

गाडी साद चालवत होता. शहरात रोज स्फोट होत असताना दोन बायका एकट्या नागरिकत्वाच्या कचेरीत कशा जाणार, असं तो म्हणाला आणि तूबाला नको म्हणायला कारण सापडेना. ती पुढे बसली, गुलचीन मागे, मांडीवर कागदांची पिशवी. पिशवीत होतं काय? छावणीचं ओळखपत्र आणि बाबांचा एक फोटो. बाकी सगळं, हाकललं त्या दुपारी, घरातच राहिलं होतं. आज साक्ष झाली नाही तर पुढच्या गुरुवारी तिचा राहण्याचा परवाना संपत होता, आणि मग पुन्हा सरहद्दीपलीकडे. या वेळी हाकलायला शिपाईही लागणार नव्हते, तारीखच पुरे होती.

आणि त्या पूर्ण शहरात, गुलचीन ही करीमची मुलगी आहे असं सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं. गल्लीतले जुने लोक मेले, नाहीतर पांगले. तूबाने रात्री मनाशी सगळं पक्कं केलं होतं. सादला बाहेर थांबवायचं, खिडकीशी हळूच सांगायचं, मी सख्खी बहीण, सही करायची, संपलं. इतकं सोपं होतं. मी करणारच होते ते... निदान रात्री तरी करणार होते.

कचेरीत रांग नव्हती. खिडकीमागे उत्तरेकडचा, हौलेरचा एक तरुण कुर्द बसला होता, स्वच्छ दाढी केलेला, कंटाळलेला, पण मनाने बरा. "बसा खाला," म्हणून त्याने स्वतः खुर्ची ओढून दिली. आणि साद बाहेर थांबला नाही. तो किल्ल्या बोटावर फिरवत आईच्या खांद्यामागे उभा राहिला.

"टोळी?" कारकुनाने विचारलं.

"मलिकशाही," गुलचीन म्हणाली.

"हे काय असतं? सोरानी, कुर्मांजी, बादिनी — यातलं काय लिहू?"

गुलचीन त्याच्याशी कुर्दीत बोलू लागली, भराभरा, आनंदाने, सव्वीस वर्षांनी बगदादच्या सरकारी खिडकीवर आपली भाषा बोलतेय याच्या आनंदाने, आणि तो पोरगा थोडा वेळ ऐकून हसत हात जोडायच्या बेतात आला. "खाला, माफ करा, मला ओ की ठो कळलं नाही. अरबीत सांगा. फैली म्हणजे इराणी ना?"

"फैली म्हणजे कुर्द," गुलचीन अरबीत म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "लिही बाळा. फैली कुर्द, मलिकशाही."

त्याने लिहिलं. मग तूबाकडे पाहिलं. "तुम्ही साक्षीदार? हे बघा, रक्ताचं नातं असेल तर एक साक्षीदार पुरतो. शेजारी असतील तर दोन लागतात. तुमचं नातं?"

मागे किल्ल्या वाजत होत्या. तूबाला मागे न पाहता मुलगा दिसत होता — त्याचा इस्त्रीचा सदरा, येत्या शुक्रवारी ज्यांच्या घरी साखर आणि अंगठी घेऊन जायचं ते लोक, आणि गालाचा तो मुका, सतरा वर्षांपूर्वीचा. आता तो मुका उघडा पडणार होता. हसणं आठवलं की सादलाही कळेल, आई तेव्हा कशावर हसली. तिला स्वतःचं नागरिकत्व जाण्याची भीती नव्हती, नव्या राज्यात फैली असणं हा गुन्हाही नव्हता. तिला सादच्या चेहऱ्याची भीती होती. फक्त चेहऱ्याची. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस काय करतं ते पाहा.

"शेजारीण," तूबा म्हणाली.

गुलचीनने मान वळवली नाही. ती बाबांच्या फोटोकडे पाहत होती.

"दुसरा साक्षीदार?"

"नाही," गुलचीन म्हणाली.

"मग कसं करणार खाला? गुरुवारपर्यंत आणा कुणीतरी." कारकून कागद परत करता करता थांबला. "आणि हा भाऊ लिहिलाय — हिश्मत. हयात की मयत? उम्म साद, तुम्ही शेजारी होतात, तुम्हाला काही ठाऊक?"

आणि तूबाला फाज़िलचं जेवणाचं ताट दिसलं. त्र्याऐंशीचा हिवाळा. भात, मासा, माशाचे काटे त्याने ताटाच्या कडेला ओळीने लावलेले. "तुझ्या भावाचं झालं," तो म्हणाला होता, मान वर न करता. "ओळखीच्या माणसाने यादी वाचली. प्रेत देत नाहीत. तू डोक्याला हात लावू नकोस. तुमच्यात काय करतात ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. वेणी कापलेली बाई दारात दिसली की तीन घरं सोडून राहणारासुद्धा ओळखेल." तिने मासा पूर्ण खाल्ला होता. चवही लक्षात होती. महिन्याभराने ती आर्मेनियन बाईच्या पार्लरमध्ये गेली आणि म्हणाली, फॅशनचे कापा. वेणी जमिनीवर पडली. रेडिओवर गाणं चालू होतं. तिथल्या पोरीने येऊन ती वेणी बाकीच्यांच्या केसांबरोबर केरसुणीने लोटून नेली, आणि फाज़िल म्हणाला, छान दिसतंय. ती वेणी हिश्मतसाठी कापली की फाज़िलसाठी, हे तिने कधी ठरवलंच नाही. ठरवलं असतं तर दोघांपैकी एकाला तोंड दाखवता आलं नसतं.

"मला काय ठाऊक असणार?" ती म्हणाली.

परतताना रस्त्यावर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. साद गुलचीनला धीर देत होता — काळजी करू नका खाला, दुसरा साक्षीदार शोधू, कुणीतरी असेलच. मग गुलचीन बोलू लागली. आमच्या भाषेत. सादला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि गुलचीनचा आवाज असा होता, की जणू बाजारभाव सांगतेय.

"ताई, तुला ठाऊक होतं ना? मघाशी तुझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. मलाही होतं. त्र्याऐंशीतच. त्याच्याबरोबर कोठडीत असलेला एक माणूस सुटून छावणीत आला, त्याने सांगितलं. मी आईला नाही बोलले. मी वेणी कापली असती तर तिला कळलं असतं, म्हणून घालत राहिले. रोज सकाळी ती माझी वेणी घालायची आणि म्हणायची, येईल हं लवकर माझा हिश्मत. सतरा वर्षं. मग ती मेली, आणि मी तिची उशी उचलली तर खाली कात्री. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. ती मला सांभाळत होती की मी तिला, देव जाणे."

तूबा समोरच्या काचेतून रस्ता पाहत होती. एक ट्रक वळत होता.

"वेणी स्वतःची स्वतः कापत नाहीत. धरायला घरचं माणूस लागतं, हे तरी आठवतंय ना तुला? म्हटलं, ताई आहे. ती धरेल, मी कापीन, मग तिची मी धरीन. त्यासाठी आले गं. कागद मिळाला असता तर मिळाला असता. पहिल्या दिवशी तू दार उघडलंस आणि तुझे केस बघितले... म्हटलं असू दे, मी कापताना धरेल तरी. आता शेजारणीला कसं सांगू, धर म्हणून?"

"काय म्हणतायत?" सादने विचारलं. जुन्या गल्लीत राहून आईला ती भाषा थोडी कळते, एवढं त्याला ठाऊक होतं.

"आभार मानतेय," तूबा म्हणाली.

"सांग त्यांना, त्यात काय एवढं. शेजारधर्म आहे."

तूबाने ते आरशातून गुलचीनला सांगितलं. अरबीत, शब्दाला शब्द. का सांगितलं? नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण तिच्या जिभेला एकदा त्या शब्दाची चटक लागली होती, आणि एवढा मोठा वार परतवायला हाताशी तेवढंच होतं. आरशात गुलचीन पुन्हा हसली, पहिल्या दिवसासारखी, आणि तूबाला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि ती पदपथावरच्या कलिंगडांच्या राशी मोजत बसली.

साद त्यांना दारात सोडून कामाला गेला. गुलचीनने चपला काढल्या, शिलाई यंत्राचा खण उघडला, आतली मोठी कात्री घेतली — विचारलं नाही, नऊ दिवसांत तिला घरातलं सगळं ठाऊक झालं होतं — आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली.

तूबा स्वयंपाकघरात गेली. पाण्याचं भांडं विस्तवावर ठेवलं, चहाची पूड काढली, पूड परत डब्यात टाकली. वीज गेली, पंखा मंद होत थांबला आणि मग तो आवाज ऐकू आला. इतकी जाड वेणी एका कापात तुटत नाही. कर्र... मग थांबणं. डाव्या हाताने वेणी ओढून धरायची, उजव्याने कापायचं, आणि मागचं दिसत नाही... कर्र. कात्री घसरली असावी, कारण काहीतरी बेसिनमध्ये पडलं. फणी असेल. साबणाशेजारची.

मला ते दार आठवलं. सगळ्यांना नेलं त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी फाज़िलची नजर चुकवून कुर्दांच्या गल्लीत गेले होते आणि आमच्याच दारावर थाप मारली होती, अजून कुणीतरी असेल म्हणून. आतून एका परक्या बाईने विचारलं, कोण? आणि माझ्या तोंडात तो शब्द आलाच होता, बाबांनी शिकवलेला, एकच अक्षर — मी तो गिळला. चुकून आले, म्हटलं. घर चुकलं.

कर्र.

न्हाणीघराच्या दारापर्यंत सात पावलं आहेत. मी ती चालले. मानेवर हात गेला, तिथे धरण्यासारखं काही नव्हतं, पण तिच्या मानेवर होतं, अजून अर्धं तरी असेल. मला एवढंच करायचं होतं. आत जायचं आणि धरायचं. मी दारावर थाप मारली.

कात्री थांबली.

"कोण?" गुलचीनने विचारलं. आमच्या भाषेत, बाबा विचारायचे तसंच, बसल्या जागेवरून.

उम्म साद. तूबा. कूतच्या करीमची. फैली, मलिकशाही, अजमी, शेजारीण. सगळी नावंच होती आणि या दाराला नाव चालत नव्हतं. तो दुसरा शब्द घशाशी होता. दिवसातून शंभरदा तो मी अरबीत उच्चारत होते, पण या भाषेत त्याला सव्वीस वर्षांत हात लावलेला नव्हता, आणि आता माझा आवाज तिने ओळखला नाही तर... किंवा ओळखला तर... मी कडीच्या जागी तळवा ठेवून उभी राहिले. लाकडापलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

"कोण आहे?" तिने पुन्हा विचारलं, आणि या वेळी अरबीत.